नाव जुळेना, तर आरटीजीएस थांबवा: मोठी रक्कम पाठवणाऱ्या नवख्यांसाठी

जुळे सोलापुरात फ्लॅटचं टोकन द्यायचं असतं, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्याचं टॉवेलचं बिल चुकवायचं असतं, किंवा शेतजमिनीचा व्यवहार ठरलेला असतो. रक्कम लाखांत. मोबाइलवर खाते क्रमांक टाकला, आयएफएससी (बँकेच्या शाखेचा सांकेतिक क्रमांक) टाकला, आणि समोर भलतंच नाव आलं. हातातल्या कागदावर एक, स्क्रीनवर दुसरं. पलीकडून फोनवर सूर असतो, "अहो तेच हाय ओ, टाका की!"

सूत आणि टॉवेलच्या पेढ्यांचे हिशेब मी बरीच वर्षं सांभाळतोय. नवीन पोरं दिवाणजीच्या कामाला बसतात तेव्हा त्यांना जे सांगतो, ते इथे लिहितो. घर घेणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

बँक नाव बघत नाही

हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सोपं जातं. एनईएफटी आणि आरटीजीएस या बँकेतून बँकेत पैसे पाठवायच्या दोन पद्धती, आणि दोन्हींत पैसे जमा होतात ते फक्त खाते क्रमांकावर. रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच बँकांना तशी मुभा दिली आणि अचूक तपशील देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर टाकली. फॉर्मवर नावाचा रकाना आहे म्हणून कोणीतरी ते ताडून बघत असेल, असं समजू नका. एक आकडा चुकला आणि त्या क्रमांकाचं खाते खरोखर अस्तित्वात असलं, तर पैसे तिथे जाऊन बसतात.

आता एक सोय झाली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की १ एप्रिल २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी समोरच्या खात्याचं नाव आधी दाखवायचं. खाते क्रमांक आणि आयएफएससी दिला की त्या बँकेच्या नोंदीत जे नाव आहे ते दिसतं. मोबाइल ॲपमध्ये, नेटबँकिंगमध्ये आणि शाखेतही. यासाठी ग्राहकाकडून पैसे घ्यायचे नाहीत, असंही त्यात आहे. शाखेत स्लिप भरत असाल तर काउंटरवर सरळ म्हणा, "आधी नाव बघून सांगा, मग सही करतो." कोणी आढेवेढे घेतले तर शाखाधिकाऱ्यांकडे जा. हा हट्ट नाही, तुमचा हक्क आहे.

फक्त ही सोय नाव दाखवते, व्यवहार अडवत नाही. चुकीच्या नावापुढेही 'पुढे जा'चं बटण असतंच. ते दाबायचं की नाही, हे तुमच्यावर.

आधी वाट ठरवा

यूपीआय मोठ्या रकमेसाठी नाहीच. एका माणसाकडून दुसऱ्याला साधारण एक लाखाची मर्यादा आहे. आयएमपीएसने पाच लाखांपर्यंत जातात आणि क्षणात जातात, म्हणजे चूकही क्षणात होते. आरटीजीएसला किमान दोन लाख लागतात, वरची मर्यादा पद्धतीत नाही, पण तुमच्या बँकेने ॲपसाठी रोजची घातलेली असते. एनईएफटी कितीही रकमेला चालते, दर अर्ध्या तासाच्या खेपेने. दोन्ही आता चोवीस तास, बाराही महिने चालू असतात.

तरी माझं मत ऐका. मोठी रक्कम कामाच्या दिवशी सकाळी साडेदहा-अकराला पाठवा. रात्री दहाला पाठवता येते हे खरं, पण काही अडलं तर रात्री दहाला फोन उचलणारं कोणी नसतं. दुसऱ्या-चौथ्या शनिवारच्या आदल्या संध्याकाळी तर नकोच. आणि संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वराच्या यात्रेत अर्धं शहर गड्ड्यावर, म्हणजे जत्रेत, असताना, समोरच्याच्या शाखेत माणूस गाठणं म्हणजे दिव्य.

नवीन खाते ॲपमध्ये जोडलं की बहुतेक बँका काही तास किंवा काही दिवस मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. लोक याला कटकट म्हणतात. मला ही मुदत आवडते, कारण तेवढ्यात चौकशी होते. खरेदीखताच्या दिवशी सकाळी दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाकावर बसून खाते जोडत बसू नका. आठवडाभर आधी जोडून ठेवा.

तपशील कागदावर मागवा

व्हॉट्सॲपवर टाइप करून आलेल्या आकड्यांवर लाखांचा व्यवहार करू नये. रद्द केलेला चेक मागा, नाहीतर पासबुकाचं पहिलं पान. चेकवर खातेदाराचं नाव छापलेलं असावं. नुसता कोरा चेक असेल तर पासबुकही मागा.

आयएफएससी ११ अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं नेहमी शून्य, उरलेली सहा शाखेची. पाचव्या जागी इंग्रजी 'ओ' टाइप करणारे रोज भेटतात. चेकबुक जुनं असेल तर बँकेचं नाव नीट बघा. आंध्रा बँक आणि कॉर्पोरेशन बँक एप्रिल २०२० मध्ये युनियन बँकेत गेल्या, सिंडिकेट कॅनरात गेली. कपाटातल्या जुन्या चेकवरचा आयएफएससी आता चालत नाही, नवा विचारून घ्या.

फोनवर क्रमांक ताडताना एकेक आकडा म्हणा. आपल्याकडे जोडीने म्हणायची सवय आहे, आणि 'एकोणसत्तर' ऐकून ७९ लिहिणारे मी पाहिलेत. त्यात पलीकडचा माणूस घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारा असला तर मराठी जोडआकड्यांत दोघांचीही दांडी उडते. सहा, नऊ, शून्य, शून्य असं सावकाश. आणि वाचायचं त्याने, ताडायचं तुम्ही. तुम्ही वाचलंत तर तो प्रत्येक आकड्याला "हां, हां" म्हणणार.

नाव जुळत नाही म्हणजे नेमकं काय जुळत नाही?

खरं काम इथेच आहे. नाव वेगळं दिसलं म्हणून लगेच फसवणूक समजू नका, आणि "असंच असतंय" म्हणून सोडूनही देऊ नका. फरक कोणत्या जातीचा आहे ते ओळखायचं आणि त्या जातीला साजेसा कागद मागायचा.

सगळ्यात साधा फरक स्पेलिंगचा. सोलापुरात हा हमखास येतो, कारण एकाच पेठेत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं आहेत आणि प्रत्येकाची इंग्रजीत नाव लिहायची रीत वेगळी. श्रीनिवास कोणी 'एस-एच-आर-आय' लिहितो, कोणी 'एस-आर-आय'. एके ठिकाणी आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी, तिसरीकडे वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. नाव लांब असलं तर शेपूट कापलेलंही दिसतं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव हे तिन्ही तुकडे मागेपुढे का होईना पण ओळखू येत असतील, तर पॅन कार्डाची प्रत मागून एकदा मिळवून बघा आणि पुढे जा.

तिन्हीपैकी एक तुकडा अजिबात नसेल तर मात्र थांबा. बाईंच्या नावात हे बरेचदा होतं: सातबारा किंवा खरेदीखतात सासरचं नाव, बँकेत माहेरचं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद दाखवली की प्रश्न मिटतो. संयुक्त खात्यात अनेकदा पहिल्याच खातेदाराचं नाव दिसतं. फ्लॅट नवराबायको दोघांच्या नावे आणि स्क्रीनवर फक्त सासऱ्यांचं नाव, असंही होतं, कारण खाते सासरे आणि मुलगा यांचं. पासबुकाच्या पहिल्या पानावर सगळी नावं असतात, ते बघा. विकणाऱ्यांपैकी कोणाचंच नाव त्यात नसेल तर ते खाते या व्यवहारासाठी नाही.

पतसंस्था आणि छोट्या सहकारी बँकांचं प्रकरण वेगळं. काही छोट्या सहकारी बँका मोठ्या बँकेच्या आधाराने आरटीजीएस करतात, त्यामुळे आयएफएससी मोठ्या बँकेचा असतो. पतसंस्था तर बँकच नव्हे. तिला स्वतःचा आयएफएससी नसतो. अशा वेळी माणसाच्या नावाऐवजी संस्थेचं नाव येऊ शकतं, किंवा नाव येतच नाही. समोरच्याला सांगा की साध्या बँकेतलं, स्वतःच्या नावाचं बचत किंवा चालू खाते द्या. आजकाल नसलेला माणूस विरळा. "माझं फक्त पतसंस्थेत हाय" म्हणणारा खराही असेल, पण मग त्याला डीडी (डिमांड ड्राफ्ट) द्या. त्याचं पुढे सांगतो.

आता धंद्यातला नेहमीचा घोळ. बिलावर 'अमुक टेक्स्टाइल्स', स्क्रीनवर एखाद्या माणसाचं नाव. एकट्याच्या मालकीची पेढी असेल तर हे शक्य आहे, भागीदारी किंवा कंपनी असेल तर चालणार नाही. मग कसं ओळखायचं? बिलावरचा जीएसटी क्रमांक घ्या. १५ अक्षरांचा असतो. महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने. तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंत मालकाचा किंवा पेढीचा पॅन असतो. आता सहावं अक्षर बघा: 'पी' असेल तर माणूस, 'एफ' भागीदारी पेढी, 'सी' कंपनी, 'एच' हिंदू अविभक्त कुटुंब. नवीन पोरांना मी पहिल्या आठवड्यातच हे शिकवतो आणि त्यांना ती जादूच वाटते.

मग जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तोच क्रमांक टाका. लॉगिन लागत नाही. तिथे कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव, दोन्ही दिसतात. एकट्याच्या पेढीत कायदेशीर नावाच्या जागी मालकाचं नाव येतं. स्क्रीनवर दिसलेलं नाव या दोहोंपैकी एकाशी जुळलं तर ठीक. सहावं अक्षर 'एफ' किंवा 'सी' असूनही खाते एखाद्या माणसाच्या नावे असेल, तर पैसे पाठवू नका. तो भागीदार असेल, मुनीम असेल, मालकाचा मेव्हणा असेल. पेढीचं देणं पेढीच्या खात्यातच फिटतं. उद्या दुसरा भागीदार उभा राहून म्हणाला की आम्हाला काही मिळालंच नाही, तर तुमच्याकडे काय उत्तर आहे?

बिल्डरच्या बाबतीत प्रकल्पाची नोंदणी बघा. महारेराने (गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) जुलै २०२४ पासून प्रत्येक प्रकल्पासाठी एकाच बँकेत तीन खाती ठेवण्याचा नियम केला. ग्राहकाने पैसे भरायचे ते त्यातल्या कलेक्शन खात्यात. खात्याच्या नावात कंपनीबरोबर प्रकल्पाचं नावही असू शकतं, म्हणून नाव लांबलचक दिसलं तर दचकू नका. करारातल्या खात्याशी अक्षरन् अक्षर मिळवा. साइट ऑफिसातला हसतमुख माणूस "सध्या या नंबरवर टाका, नंतर वळवून घेतो" म्हणाला तर चहा प्या आणि घरी या.

तिसऱ्याच माणसाचं नाव

विकणारे काका आणि खाते पुतण्याचं. व्यापारी एक आणि खाते कामगाराचं. कारणं तयार असतात: माझं खाते बंद पडलंय, केवायसी राहिलीय, कर्जाच्या खात्यात गेलं तर बँक कापून घेईल. शेवटचं कारण बहुधा खरं असतं, आणि नेमकं म्हणूनच नाही म्हणायचं. त्याने बँकेला हुलकावणी द्यायला तुमचा व्यवहार का वापरावा?

नात्यातल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, हे मला कळतं. तेव्हा दोष माझ्यावर किंवा सीएवर ढकला: "आमचे सीए ऐकत नाहीत ओ." सोलापुरात हे वाक्य कोणी मनावर घेत नाही आणि काम होतं.

खाते बदलल्याचा निरोप आला तर

जुन्या पार्टीचा मेल येतो: ऑडिट चालू आहे, यावेळचे पैसे नव्या खात्यात टाका. लेटरहेड तेच, सही तीच, बिलाचा क्रमांकही बरोबर. कोणीतरी त्यांच्या किंवा तुमच्या मेलमध्ये शिरून बिलं वाचत बसलेलं असतं आणि योग्य वेळी नुसता खाते क्रमांक बदलतं. बाहेरगावच्या गिरणीकडून सूत घेणाऱ्या पेढ्यांना हा धोका जास्त, कारण मालकाशी वर्षानुवर्षं मेल आणि फोनवरच व्यवहार.

उपाय एकच. फोन करा, पण त्या मेलमधल्या नंबरावर नाही. तुमच्या जुन्या डायरीतल्या, गेल्या वर्षीच्या बिलावरच्या नंबरावर. नेहमीच्या माणसाशी बोला आणि क्रमांक त्याच्याकडून वदवून घ्या. नेहमीचा माणूस गावाला गेला असेल तर तो येईपर्यंत थांबा. सूत दोन दिवस उशिरा आल्याने माग कायमचे बंद पडत नाहीत.

आधी थोडे पाठवून बघण्याबद्दल

बरेच जण सांगतात, आधी एक रुपया पाठवून बघा. बघा जरूर, पण त्यातून काय कळतं हे ओळखून. खाते चालू आहे आणि आकडे बरोबर टाइप झाले, एवढंच कळतं. खाते ठगाचं असेल तर ठगही आनंदाने सांगेल, "मिळाला साहेब!" म्हणून मी एक रुपयाऐवजी वेडीवाकडी रक्कम पाठवतो, समजा ४७ रुपये, आणि किती ते सांगत नाही. मग ओळखीच्या नंबरावर फोन करून विचारतो, किती आले? आकडा त्याच्या तोंडून आला की टायपिंगची शंका मिटली. माणूस खरा की खोटा, हे वर सांगितलेल्या कागदांवरूनच ठरवायचं.

परीक्षा झाली की मोठी रक्कम त्याच जोडलेल्या खात्यावर पाठवा. पुन्हा नव्याने आकडे टाइप केलेत तर परीक्षा वाया गेली.

शाखेतून पाठवताना

चेक 'युवरसेल्फ फॉर आरटीजीएस' असा लिहा आणि मागे समोरच्याचं नाव, खाते क्रमांक, रक्कम लिहून ठेवा. स्लिपवर खाडाखोड झाली तर नवी घ्या. शिक्का मारलेली पोच हातात आल्याशिवाय काउंटर सोडू नका, आणि त्यावरचा यूटीआर क्रमांक फोटो काढून ठेवा. आरटीजीएसचा यूटीआर २२ अक्षरांचा असतो. पैशाचा माग काढायचा झाला तर सगळे हाच क्रमांक मागतात.

पोचल्यावर समोरच्या बँकेने आरटीजीएस अर्ध्या तासात जमा करायची असते. जमा होत नसेल तर तासाभरात परत पाठवायची असते. एनईएफटीत खेप सुटल्यापासून दोन तास धरा. उगाच पाच मिनिटांत फोन करून दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. एकाच बिलाचे दोनदा पैसे जाण्याचं मुख्य कारण हीच घाई.

नाव काही केल्या जुळत नसेल

मग नावावर चालणारा मार्ग घ्या. डिमांड ड्राफ्ट किंवा अकाउंट पेयी चेक. तो ज्याच्या नावाचा, त्याच्याच खात्यात जमा होतो. ताडायचं काम त्याच्या बँकेचं. सप्टेंबर २०१८ पासून डीडीवर काढणाऱ्याचं नावही छापलं जातं, त्यामुळे पैसे कोणी दिले याचाही पुरावा राहतो. खरेदीखतातलं नाव डीडीवर लिहा. माणूस खरा असेल तर तो ड्राफ्ट घेईल आणि स्वतःचं खाते नीट करून घेईल. खोटा असेल तर ड्राफ्टचं नाव काढताच त्याचा फोन लागायचा बंद होतो.

पैसे चुकीच्या खात्यात गेलेच तर

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका.

फसवणूक असेल तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. घरच्यांशी चर्चा नंतर. ठग पैसे मिनिटांत पुढच्या खात्यांत पांगवतात, आणि तक्रार लवकर गेली तरच मधल्या बँकांना रक्कम गोठवता येते. त्यानंतर राष्ट्रीय सायबर पोर्टलवर नोंद करा, बँकेला लेखी कळवा आणि सायबर पोलिसांकडे कागद घेऊन जा.

नुसती आकड्याची चूक असेल तर स्वतःच्या शाखेत जा. यूटीआर, तारीख, वेळ, रक्कम, कुठे पाठवायचे होते आणि कुठे गेले, असा साधा अर्ज द्या आणि तक्रार क्रमांक घ्या. तुमची बँक त्या बँकेला लिहिते, ती बँक त्या खातेदाराला विचारते. त्याच्या संमतीशिवाय सहसा पैसे परत निघत नाहीत. बहुतेक लोक देतात. काही जण बरेच दिवस फोन न उचलता बसतात. शाखेने तुम्हाला त्याचा पत्ता दिला नाही म्हणून काउंटरवर भांडू नका, त्यांना तो देता येत नाही. तो अडूनच बसला तर वकिलाची नोटीस.

तीस दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. पण खाते क्रमांक तुम्हीच चुकीचा दिला असेल तर लोकपाल बँकेला दोषी धरेल ही आशा ठेवू नका. बँकेने पाठपुरावाच केला नाही, अर्ज दाबून ठेवला, अशी तक्रार तिथे टिकते.

घराच्या व्यवहारात एक काम उरतंच. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर एक टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या नावे सरकारकडे भरायचा आयकर) कापून उरलेली रक्कमच पाठवायची. नाहीतर तो टक्का नंतर मागत फिरावं लागतं. खरेदीखतात प्रत्येक हप्त्याचा यूटीआर, तारीख आणि बँक लिहून घ्या. विकणाऱ्याचं बँकेतलं नाव दस्तातल्यापेक्षा थोडं वेगळं असेल तर 'ऊर्फ' घालून दोन्ही नावं दस्तात येऊ द्या. मसुदा वकिलाकडे असतानाच हे सांगा, कारण नोंदणीच्या दिवशी टोकन लागल्यावर दुरुस्तीला कोणी बसत नाही.